पोर्टेबल हार्ड डिस्क संगणकाला जोडताना: केबलपासून खात्रीच्या बॅकअपपर्यंत

बॅकअपसाठी घेतलेली हार्ड डिस्क बऱ्याच घरांत दोनपैकी एका अवस्थेत सापडते. एक तर ती खोक्यातून बाहेरच आलेली नसते, नाही तर संगणकाला कायमची जोडलेली असते आणि लॅपटॉपवर जागा व्हावी म्हणून सगळे फोटो तिच्यावर हलवून मूळ फोटो पुसलेले असतात. या दुसऱ्या प्रकाराला लोक बॅकअप म्हणतात, पण तो बॅकअप नव्हे. तिथे प्रत एकच आहे, फक्त तिची जागा बदलली. बॅकअप झाला असं कधी म्हणायचं? तीच फाइल दोन वेगळ्या ठिकाणी असेल आणि दुसऱ्या ठिकाणची फाइल उघडते हे आपण डोळ्यांनी पाहिलं असेल तेव्हा.

पुढची माहिती मुख्यतः विंडोज १० आणि ११ साठी आहे, मॅकबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे. विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे जे आता विंडोज ११ वर जाणार आहेत किंवा नवा लॅपटॉप घेणार आहेत, त्यांनी आधी हे काम उरकावं आणि मगच जुन्या मशीनला हात लावावा.

डिस्क कोणती आहे ते आधी पाहा

तळहातावर मावणारी, वेगळा अडॅप्टर नसलेली डिस्क म्हणजे अडीच इंची पोर्टेबल हार्ड डिस्क. तिला लागणारी वीज ती यूएसबी पोर्टमधूनच घेते. जाड पुस्तकाएवढी आणि सोबत अडॅप्टर असलेली ती साडेतीन इंची. ती भिंतीवरच्या प्लगला जोडल्याशिवाय चालूच होत नाही. तिसरा प्रकार एसएसडी. यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे हातातून पडली तरी वाचण्याची शक्यता बरीच जास्त आणि वेगही मोठा, पण त्याच किमतीत जागा कमी मिळते.

घरच्या बॅकअपसाठी मी अजूनही अडीच इंची हार्ड डिस्कच सुचवतो. लॅपटॉपवर आज जेवढा डेटा आहे त्याच्या किमान दुप्पट क्षमतेची घ्या, म्हणजे फायलींच्या जुन्या आवृत्त्यांनाही जागा राहील. आणि एक कळकळीची विनंती: ऑनलाइन बाजारात हजार-दोन हजार रुपयांत ‘१६ टीबी एसएसडी’ दिसली तर ती घेऊ नका. आत एखादं छोटं मेमरी कार्ड असतं आणि क्षमता खोटी दाखवलेली असते. खरी जागा भरली की पुढच्या फायली वरवर कॉपी होताना दिसतात, त्यांची नावंही दिसतात, पण त्या उघडत नाहीत. डिस्कबद्दल शंका असेल तर ती रिकामी असतानाच विंडोजवर ‘एचटू-टेस्ट-डब्ल्यू’ नावाचं मोफत साधन चालवा. ते पूर्ण डिस्क भरतं, परत वाचतं आणि खरी क्षमता सांगतं.

केबल आणि पोर्ट

डिस्क ‘स्लो आहे’ किंवा ‘दिसतच नाही’ अशा तक्रारींच्या मुळाशी अनेकदा डिस्क नसतेच, केबल असते. म्हणून इथे थोडं थांबू.

बहुतेक पोर्टेबल हार्ड डिस्कना एक रुंद, चपटं, दोन भागांत विभागल्यासारखं दिसणारं सॉकेट असतं. ते यूएसबी ३ चं मायक्रो-बी. याच सॉकेटच्या मोठ्या भागात मोबाइलची जुनी मायक्रो यूएसबी केबलही बसते आणि डिस्क चालूही होते, मात्र यूएसबी २ च्या वेगाने. डिस्कसोबत आलेली केबल हरवल्यावर घरातली कुठलीही केबल लावून लोक महिनोन् महिने असं काम करतात आणि डिस्कला दोष देतात.

टाइप-सी मध्ये गोंधळ आणखी मोठा आहे, कारण पिनचा आकार पाहून वेग कळत नाही. मोबाइलच्या चार्जरसोबत येणाऱ्या बऱ्याच टाइप-सी केबल आतून यूएसबी २ च्याच असतात. चार्जिंग उत्तम करतात, डेटा मात्र हळू नेतात. म्हणून डिस्कसोबत आलेली केबल डिस्कलाच बांधून ठेवा आणि तिच्यावर कायमच्या शाईने ‘डिस्क’ असं लिहा.

वेगातला फरक किती? यूएसबी २ ची कागदावरची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट. प्रत्यक्षात ३०–३५ मेगाबाइट मिळतात. यूएसबी ३ ची मर्यादा ५ गिगाबिट, आणि तिथे हार्ड डिस्क स्वतःच्या वेगाने, म्हणजे साधारण १०० मेगाबाइटच्या आसपास धावते. २०० जीबीचे व्हिडिओ यूएसबी २ वर पावणेदोन तास घेतील, यूएसबी ३ वर अर्ध्या तासाच्या आसपास. हजारो छोट्या फायली असतील तर दोन्हीकडे वेळ वाढतो, कारण प्रत्येक फाइलमागे उघडण्या-मिटण्याचा वेळ जातो.

डेस्कटॉपवर यूएसबी ३ चं पोर्ट बहुधा आतून निळं असतं. लॅपटॉपवर निळा रंग नसेल तर पोर्टशेजारी ‘एसएस’ ही अक्षरं किंवा ५, १० असा आकडा शोधा. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवर असलेलं पोर्ट वापरा. पुढची पोर्टं आतल्या लांब वायरीने जोडलेली असतात आणि स्वस्त कॅबिनेटमध्ये ती वायर सुमार असते. स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब तर टाळाच. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ पोर्ट ९०० मिलिअँपिअर. एकाच पोर्टाची वीज हबमधून माउस, कीबोर्ड आणि डिस्क यांत वाटली गेली की डिस्कची चकती फिरायला सुरुवात करते, दम लागून थांबते, पुन्हा सुरू होते. असं वारंवार होणं तिच्यासाठी वाईट.

पहिली जोडणी

डिस्क टेबलावर आडवी, सपाट ठेवा. गादीवर, मांडीवर किंवा टेबलाच्या कडेला नको. चालू हार्ड डिस्कमध्ये चकती मिनिटाला हजारो फेरे घेत असते आणि वाचणारा हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतो. चालू असताना बसलेला छोटा धक्काही तिथे महागात पडतो. केबल आधी डिस्कला लावा, मग संगणकाला, म्हणजे जोडताना डिस्क हलत नाही. साडेतीन इंची असेल तर अडॅप्टर आधी, यूएसबी नंतर.

दिवा लागेल, किंचित थरथर जाणवेल, संगणक ‘टिडिंग’ असा आवाज करेल आणि काही सेकंदांत ‘दिस पीसी’मध्ये नवं ड्राइव्ह दिसेल. पहिल्यांदा जोडताना मिनिटभर लागू शकतं. घाईने काढून पुन्हा लावू नका.

आत कंपनीने ठेवलेलं सॉफ्टवेअर असेल. ते न टाकता काम उत्तम चालतं असं माझं स्पष्ट मत आहे. काही सॉफ्टवेअर बॅकअप स्वतःच्या खास स्वरूपात बांधून ठेवतात, आणि पाच वर्षांनी ते सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चाललं नाही तर फायली बाहेर काढायची पंचाईत होते. साध्या फोल्डरमधली साधी फाइल कुठल्याही संगणकावर उघडते.

खोक्यावर १ टीबी लिहिलेलं असतं आणि विंडोज ९३१ जीबी दाखवतं. यात फसवणूक नाही. कंपनी एक हजारच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत, आणि दोघंही त्याला जीबी-टीबीच म्हणतात.

दिसली नाही तर

क्रमाने जा, एका वेळी एकच गोष्ट बदला.

दिवाच लागत नसेल तर दुसरं पोर्ट, मग दुसरी केबल, मग दुसरा संगणक. तिसऱ्या पायरीवरही दिवा नसेल तर दोष डिस्कमध्ये किंवा तिच्या खोबणीत आहे. बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं सॉकेट डिस्कच्या मूळ बोर्डावरच जोडलेलं असतं. त्यामुळे बाहेरची केस उघडून आतली डिस्क दुसऱ्या केसमध्ये टाकण्याचा उपाय तिथे लागू पडत नाही आणि वॉरंटी मात्र जाते.

दिवा आहे, आवाज आहे, पण ड्राइव्ह दिसत नाही, असं असेल तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. खालच्या भागात डिस्क शून्य, डिस्क एक अशा पट्ट्या दिसतील. क्षमतेवरून आपली ओळखा. इथे तीन शक्यता असतात.

पहिली, निळी पट्टी आहे पण नावापुढे अक्षर नाही. राइट क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’मध्ये जा आणि एखादं अक्षर द्या. शेवटाकडचं द्या, म्हणजे पेन ड्राइव्हशी किंवा ऑफिसच्या नेटवर्क ड्राइव्हशी टक्कर होणार नाही. डिस्कवरच्या डेटाला यात धक्का लागत नाही.

दुसरी, काळी पट्टी आणि ‘अनअलोकेटेड’ हा शब्द. डिस्क नवी कोरी असेल तर हे ठीक आहे. विंडोज ती ‘इनिशिअलाइज’ करायला विचारेल, तेव्हा ‘जीपीटी’ ही डिस्कच्या विभागणीची नवी पद्धत निवडा. जुनी एमबीआर पद्धत २ टीबीपलीकडची जागा ओळखत नाही. मग काळ्या पट्टीवर राइट क्लिक करून ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ घ्या आणि पुढे पुढे जा.

तिसरी शक्यता सगळ्यांत महत्त्वाची. डिस्कवर तुमचा डेटा होता आणि आता ती काळी दिसते, किंवा जोडल्याबरोबर ‘यू नीड टू फॉरमॅट द डिस्क’ अशी खिडकी येते. इथे ‘कॅन्सल’ दाबा. फॉरमॅट करू नका, इनिशिअलाइज करू नका, ‘दुरुस्ती’ची कसलीही साधनं चालवू नका. डेटा बहुधा अजून तिथेच असतो, फक्त त्याची अनुक्रमणिका बिघडलेली असते. त्यावर नवं काही लिहिलं गेलं तर मात्र परत मिळण्याची आशा कमी होते. आधी दुसऱ्या संगणकावर जोडून पाहा. डिस्क मॅकवर किंवा टीव्हीच्या रेकॉर्डिंगसाठी वापरलेली असेल तर तिची मांडणी विंडोजला न कळल्यानेही हीच खिडकी येते आणि डिस्क अगदी ठणठणीत असते.

आतून ठरावीक तालात ‘टक्, टक्, टक्’ असा आवाज येत असेल तर आधी पोर्ट बदलून वीज कमी पडत नाही ना ते पाहा. तरीही आवाज चालूच राहिला तर डिस्क लगेच काढा. हेड जागा शोधतोय आणि त्याला ती सापडत नाही. चालू ठेवलेलं प्रत्येक मिनिट चकतीवर ओरखडे पाडू शकतं. त्यावर एकुलता एक डेटा असेल तर तो व्यावसायिक डेटा रिकव्हरीकडेच न्यावा. घरी उघडून पाहणं, फ्रीजमध्ये ठेवणं वगैरे प्रयोग करू नयेत.

आणखी एक प्रकार आपल्याकडे फार आढळतो. डिस्क उघडली तर फोल्डर गायब आणि त्या जागी शॉर्टकट. हा झेरॉक्सच्या दुकानातून किंवा सायबर कॅफेतून येणारा ‘शॉर्टकट व्हायरस’. फोल्डर गेलेले नसतात, लपवलेले असतात. शॉर्टकटवर क्लिक न करता आधी अँटिव्हायरसने स्कॅन करा, मग फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून ‘हिडन आयटम्स’ दाखवा. त्याहून चांगला उपाय म्हणजे बॅकअपची डिस्क प्रिंट काढायला कधीच न नेणं. त्यासाठी स्वस्तातला वेगळा पेन ड्राइव्ह ठेवा.

फॉरमॅट: करावं का, कोणतं?

नवी डिस्क बहुधा तयार फॉरमॅट होऊन येते. ‘दिस पीसी’मध्ये तिच्यावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडलं की ‘फाइल सिस्टिम’समोर ती, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत, लिहिलेली दिसते.

घरात फक्त विंडोज असेल तर ‘एनटीएफएस’ ठेवा. ती बदलांची नोंद ठेवत लिहिते, त्यामुळे मध्येच वीज गेली किंवा केबल निसटली तरी सावरण्याची शक्यता चांगली. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे लिहायचं असेल तर ‘एक्सफॅट’, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. लिनक्स या विंडोजसारख्याच दुसऱ्या प्रणालीलाही तिच्या कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, ५.४ आवृत्तीपासून एक्सफॅट मुळातूनच कळतं. मात्र एक्सफॅटमध्ये तशी नोंद नसते, म्हणून त्यावर काढताना ‘इजेक्ट’ चुकवायचं नाही. ‘फॅट ३२’ बॅकअपसाठी नको. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल मावत नाही, आणि लग्नाचा व्हिडिओ त्याहून मोठा असतोच.

बदलायचं ठरलं तर डिस्क रिकामी असताना, पहिल्याच दिवशी बदला. राइट क्लिक, ‘फॉरमॅट’, फाइल सिस्टिम निवडा, नाव द्या, ‘क्विक फॉरमॅट’ तसंच ठेवा आणि सुरू करा. फॉरमॅट दाबण्याआधी ड्राइव्हचं अक्षर आणि क्षमता मोठ्याने वाचा. चुकीच्या ड्राइव्हवर दाबलेलं फॉरमॅट हा सगळ्यांत स्वस्तात होणारा महागडा अपघात आहे.

काय काय घ्यायचं

‘डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप घेतलं म्हणजे झालं’ असं सगळीकडे सांगितलं जातं. मराठीत काम करणाऱ्यांसाठी तेवढं पुरेसं नाही, आणि या लेखातला हाच भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच संकेत देणारी पद्धत, रुळण्याआधी, आणि छापखान्यांत तर त्यानंतरही, मराठी मजकूर श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींच्या फॉन्टमध्ये टाइप झाला. लग्नपत्रिका, गणेशमंडळाच्या स्मरणिका, सोसायटीची जुनी इतिवृत्तं, शाळेचे अहवाल, कितीतरी लेखकांची हस्तलिखितं. अशा फाइलमध्ये खरं तर मराठी अक्षरं साठवलेली नसतात. इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत असतात, त्यांवर तो विशिष्ट फॉन्ट मराठी आकार चढवतो. फाइल जपली आणि फॉन्ट गेला तर नव्या संगणकावर पानभर इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा कचरा दिसतो. बॅकअप झाला, पण मजकूर गेला.

म्हणून तीन गोष्टी करा. एक, ‘सी’ ड्राइव्हमधल्या ‘विंडोज’ फोल्डरच्या आत ‘फॉन्ट्स’ आहे, तिथून तुमचे मराठी फॉन्ट कॉपी करून बॅकअपमध्ये ‘मराठी फॉन्ट’ या फोल्डरमध्ये ठेवा. अलीकडच्या विंडोजमध्ये एकट्या वापरकर्त्यासाठी टाकलेले फॉन्ट त्याच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमध्येही असतात. सोपा मार्ग म्हणजे फॉन्ट टाकण्यासाठी मिळालेल्या मूळ फायलीच शोधून जपणं. दोन, त्या प्रणालीचं इन्स्टॉलर आणि परवाना क्रमांक. तीन, महत्त्वाच्या प्रत्येक दस्तऐवजाची, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ प्रत. पीडीएफ दिसायला तरी कायम बरोबर राहते. वेळ मिळाला की मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मूळ फाइलही ठेवा, कारण रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार बिघडतात.

फायलींच्या नावांचंही तसंच. विंडोजमध्ये फाइलपर्यंतचा पूर्ण पत्ता साधारण २६० चिन्हांचा असला की अनेक प्रोग्रॅम अडतात, आणि देवनागरीत काना, मात्रा, पाय मोडण्याची खूण ही सगळी वेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात. ‘क्षे’ हे आपल्याला एक अक्षर, संगणकाला चार चिन्हं. लिनक्सवर मर्यादा २५५ बाइटची आहे आणि देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे नाव ८५ चिन्हांत बसवायला हवं. नावं मराठीतच ठेवा, पण आटोपशीर ठेवा, आणि फोल्डरमध्ये फोल्डर अशी सात-आठ पातळ्यांची उतरंड रचू नका.

वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फायली ठेवण्याची सोय, वापरत असाल तर एक सापळा आहे. नव्या लॅपटॉपवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स गुपचूप वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये गेलेले असतात, आणि ज्या फाइलच्या नावाशेजारी ढगाचं चिन्ह आहे ती तुमच्या संगणकावर नसतेच. बॅकअपआधी त्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा आणि हिरवी खूण येईपर्यंत थांबा.

टॅलीचा डेटा घ्यायचा असेल तर टॅलीमधलीच बॅकअपची सोय वापरा. नुसतं फोल्डर कॉपी करायचं तर आधी टॅली सगळ्या संगणकांवर बंद करा. आउटलुकच्या मेलची फाइलही आउटलुक बंद असतानाच घ्यावी. ब्राउझरचे बुकमार्क आणि मोबाइलमधले फोटोही लक्षात ठेवा.

कॉपी की फाइल हिस्ट्री?

हाताने कॉपी करणार असाल तर डिस्कवर तारखेचं फोल्डर करा आणि तारीख वर्षापासून लिहा: २०२५-०६-१५. वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवला की फोल्डर आपोआप काळानुसार लागतात. तिरकी रेघ फोल्डरच्या नावात चालत नाही, आडवी वापरा. ‘कट’ कधीही नाही, ‘कॉपी’च. कट करताना केबल निसटली तर फाइल धड इकडे नाही, धड तिकडे नाही अशी अडकू शकते.

लॅपटॉप चार्जरला लावा आणि ‘पॉवर’ सेटिंगमध्ये कॉपी होईपर्यंत स्लीप बंद ठेवा. डेस्कटॉप असेल आणि यूपीएस नसेल, तर भारनियमनाची वेळ टाळून बसा.

नियमित बॅकअपसाठी विंडोजमधली ‘फाइल हिस्ट्री’ चांगली आहे. ती कंट्रोल पॅनलमध्ये ‘सिस्टिम अँड सिक्युरिटी’च्या आत आहे. विंडोज ११ मध्ये दिसणारं ‘विंडोज बॅकअप’ हे ॲप वेगळं. ते वनड्राइव्हवर पाठवतं, तुमच्या डिस्कवर नाही. डिस्क जोडून फाइल हिस्ट्री ‘टर्न ऑन’ केली की ती बदललेल्या फायलींच्या नव्या आवृत्त्या साठवत जाते. मूळ सेटिंग दर तासाचं असतं. जुन्या आवृत्त्या ठेवल्या जाणं हा तिचा खरा फायदा. काल चुकून अर्धा मजकूर पुसून सेव्ह केलेली फाइल परवाच्या रूपात परत मिळते. मात्र ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे ठरावीक फोल्डरच घेते. तुमचं काम ‘डी’ ड्राइव्हवर असेल तर ते फोल्डर एखाद्या ‘लायब्ररी’त जोडावं लागतं, नाही तर ते बॅकअपमध्ये येत नाही आणि कोणी सांगतही नाही.

उघडून पाहा

कॉपी संपल्याची खिडकी गेली म्हणून थांबू नका. मूळ फोल्डर आणि बॅकअपचं फोल्डर यांच्यावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये फायलींची संख्या आणि एकूण बाइट जुळतात का बघा. मग डिस्क काढून दुसऱ्या संगणकावर जोडा आणि वेगवेगळ्या प्रकारच्या फायली उघडा: जुन्यात जुना फोटो, मोठ्यात मोठा व्हिडिओ मधून आणि शेवटाकडून, एखादी एक्सेल, एखादी जुन्या फॉन्टमधली मराठी फाइल. दुसऱ्याच संगणकावर का? फॉन्ट राहून गेला असेल, पासवर्ड फक्त जुन्या मशीनला माहीत असेल, तर ते तिथेच उघडं पडतं. फाइल हिस्ट्री वापरत असाल तर ‘रिस्टोअर पर्सनल फाइल्स’मधून एखादी फाइल वेगळ्या जागी परत आणून पाहा.

काढताना

कॉपीची पट्टी भरली तरी संगणक काही भाग स्वतःच्या मेमरीत धरून नंतर लिहीत असू शकतो. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ आवृत्तीपासून ‘क्विक रिमूव्हल’ हे मूळ सेटिंग झालं, म्हणून ‘आता इजेक्ट करायची गरज नाही’ असं ऐकायला मिळतं. हार्ड डिस्कच्या बाबतीत तो सल्ला मानू नका. इजेक्ट केल्याने चालू असलेलं लिखाण पूर्ण होतं आणि हेड आपल्या जागी नीट परततो.

टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यातल्या यूएसबीच्या चिन्हावर किंवा ‘दिस पीसी’मध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘इजेक्ट’ निवडा. आता काढा, असा संदेश आल्यावर दिवा विझेपर्यंत किंवा फिरण्याचा आवाज थांबेपर्यंत थांबा, मगच केबल काढा आणि डिस्क उचला. ‘डिव्हाइस इज इन यूज’ असं आलं तर त्या डिस्कवरची उघडी फाइल, एक्सप्लोररची खिडकी, चालू व्हिडिओ बंद करा. तरीही ऐकलं नाही तर संगणक रीस्टार्ट करा आणि विंडोज उघडल्याबरोबर, काही सुरू करण्याआधी इजेक्ट करा.

आणि खरोखर काढा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तेव्हा त्याने संगणकाला जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फायलीही कुलूपबंद केल्या. जोडून ठेवलेल्या डिस्कवरचा बॅकअप अशा वेळी मूळ फायलींबरोबरच जातो. विजेचा मोठा झटका आला तरी तेच. आठवड्यातून एक दिवस ठरवा, त्या दिवशी जोडा, बॅकअप घ्या, काढून ठेवा.

कुलूप

आधार, पॅन, बँकेची स्टेटमेंट अशा फायली डिस्कवर असतील तर ती हरवणं हे वेगळंच संकट. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘टर्न ऑन बिटलॉकर’ने पासवर्ड लावता येतो. होम आवृत्तीत असं कुलूप लावता येत नाही, पण लावलेलं उघडता येतं. कुलूप लावताना मिळणारी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर छापून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा. ती त्याच डिस्कवर किंवा फक्त त्याच लॅपटॉपवर ठेवण्यात अर्थ नाही. आणि घरातल्या आणखी एकाला ती कुठे आहे हे माहीत असू द्या. मॅकवर बिटलॉकरची डिस्क थेट उघडत नाही, हेही ध्यानात घ्या.

मॅक असेल तर

मॅकमध्ये २००७ पासून ‘टाइम मशीन’ आहे आणि ती विंडोजच्या सोयीपेक्षा सरस आहे, हे मान्य करायला हवं. डिस्क जोडा. ॲपलच्या स्वतःच्या चिपचा लॅपटॉप असेल तर ‘अलाउ’ करायला विचारेल. मग ‘सिस्टिम सेटिंग्ज’, ‘जनरल’, ‘टाइम मशीन’मध्ये डिस्क निवडा, ‘एन्क्रिप्ट’ चालू करा आणि पासवर्ड लिहून ठेवा. टाइम मशीन डिस्क पुसून स्वतःच्या पद्धतीने मांडते, म्हणून आधीचा डेटा असलेली डिस्क तिला देऊ नका. त्यानंतर ती विंडोजवर दिसणार नाही.

ठेवायची कुठे

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात कपाटातल्या चपलेलाही बुरशी येते, डिस्कच्या सॉकेटवर गंज चढायला वेळ लागत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून डिस्क आणि तिची केबल एकत्र ठेवा. एसीच्या खोलीतून दमट हवेत आणलेली डिस्क लगेच जोडू नका, तासभर तशीच राहू द्या, म्हणजे धरलेलं बाष्प उडून जाईल. एसएसडी वर्षानुवर्षं विजेविना पडून राहिली तर तिच्यातला डेटा क्षीण होऊ शकतो, तिला दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी जोडा. हार्ड डिस्कलाही तेवढं फिरवणं बरंच. तेव्हाच ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’ हे मोफत साधन उघडून तिची प्रकृती पाहा. ‘गुड’ऐवजी ‘कॉशन’ दिसलं की त्याच आठवड्यात नवी डिस्क घ्या आणि सगळं तिच्यावर उतरवा.

परवडत असेल तर दुसरी डिस्क घ्या आणि ती वेगळ्या छपराखाली ठेवा: गावच्या घरी, बहिणीकडे, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरात किंवा ऑगस्ट २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांच्याकडे संगणक आणि बॅकअप एकाच खोलीत असेल तर दोन्ही पाण्यात गेले असणार. गणपतीला किंवा दिवाळीला गावी जाताना घरची डिस्क घेऊन जा, तिथली परत आणा आणि आल्या आल्या तिच्यावर नवा बॅकअप घ्या. दोन्ही डिस्कवर चिकटपट्टीने नाव आणि शेवटच्या बॅकअपची तारीख लावा.